झोप नाही म्हणून पित्त, की पित्त म्हणून झोप नाही?

स्लो_बदलापूर
बरेच महिने हा प्रकार चालू आहे, शेवटी धागाच काढतोय. ऑफिस बीकेसीत, घर बदलापूरला. घरी पोचेपर्यंत पावणेदहा, हातपाय धुऊन ताटावर बसतो तेव्हा सव्वादहा. अकराला गादीवर. दीड-दोनच्या सुमारास घशाशी आंबट येऊन जाग येते. कधी नुसती छातीत जळजळ, कधी चक्क ठसका लागून उठून बसायची वेळ. मग पाणी पी, गॅलरीत उभा राहा, मोबाईल चाळ. डोळा लागतो न लागतो तोच गजर.

ही एक बाजू. दुसरी अशी, की महिनाअखेरीला काम वाढून झोप कमी झाली की दिवसासुद्धा जळजळ होते, तीही घरच्या पोळीभाजीने. आणि शनिवार-रविवार मनसोक्त झोपलो की सोमवारी मिसळ चापली तरी काही नाही! बायको म्हणते, जागरणाने पित्त वाढतं हे आमची आजी सांगायची. फॅमिली डॉक्टर म्हणाले, आधी पोट सुधारा, झोप आपोआप येईल. ऑफिसातला मित्र म्हणतो, आधी झोप सुधार. सुरुवात नेमकी कुठून करायची? पँटोप्राझोल चालू आहे, पण ती जन्मभर घ्यायची इच्छा नाही. कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

गिरणगाव
+१. वाचतोय. किती वाजता वाचतोय ते विचारू नका.

खमंग_काकडी
सव्वादहाला जेवून अकराला आडवे होता आणि वर प्रश्न विचारता? उत्तर तुमच्याच पहिल्या परिच्छेदात आहे.

आमच्याकडे हेच होतं. मी ठाण्याहून लोअर परळला जाते. आता सकाळीच दोन डबे भरते. मोठा दुपारचा, आणि एक छोटा स्टीलचा, संध्याकाळी सातला ऑफिसातच खायचा. त्यात एक भाकरी आणि कुठलीतरी साधी भाजी, दुधी, पडवळ, दोडका. पँट्रीतले लोक आधी हसायचे, "मॅडम, ओव्हरटाइम?" हसू देत. घरी पोचल्यावर फक्त वाटीभर ताकभात. रात्रीची आंबट ढेकर निम्म्याहून जास्त कमी झाली. सासूबाईंना मात्र पटायला वेळ लागला. सगळ्यांनी एकत्र जेवायचं तर तू नुसती वाटी घेऊन काय बसतेस, म्हणून.

स्लो_बदलापूर
काकडीताई, मान्य आहे, पण सगळा दोष जेवणाच्या वेळेचा असता तर शनिवारी रात्रीही त्रास झाला असता ना? शनिवारी तर साडेदहाला जेवतो. तेच कोडं आहे.

विरार_फास्ट
ऑफिसात जमत नसेल तर गाडीत खा. आमच्या लेडीज डब्यात बोरिवली गेलं की डबे निघतात. फक्त अंडं आणि सुकट आणायची नाही हा अलिखित नियम आहे.

डोंबिवली_दोन_नंबर
गाडीत?? बदलापूर लोकलमध्ये संध्याकाळी हात वर केला तर खाली आणता येत नाही, डबा कुठून उघडणार? पश्चिमेच्या लोकांनी मध्यवाल्यांना सल्ले देऊ नयेत.

विरार_फास्ट
विरार लोकलला निवांत म्हणणारे तुम्ही पहिलेच. एकदा या आमच्याकडे.

साधा_एमबीबीएस
रेल्वेयुद्ध सुरू व्हायच्या आत लिहितो. तुमचे डॉक्टर आणि ऑफिसातला मित्र, दोघंही बरोबर आहेत.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास जाताना उघडते, एरवी मिटलेली. पण अधूनमधून ती घास नसतानाही सैल पडते, जेवणानंतर जास्तच. ढेकर येतो तो तशानेच. त्या वेळी आम्ल वर आलं तर दिवसा आपण नकळत आवंढा गिळतो, लाळेने आम्ल मारलं जातं, शिवाय आपण बसलेले किंवा उभे असतो, म्हणून उरलेलं आपोआप खाली जातं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणं अगदी कमी होतं आणि आपण आडवे. म्हणून रात्री आम्ल कमी वेळा वर आलं तरी आलेलं रेंगाळतं. त्यात जठर रिकामं असतानाही आम्ल पाझरत असतंच, आणि त्याचा जोर साधारण रात्री १० ते २ या वेळात सर्वांत जास्त. तुमची दीड-दोनची वेळ त्यात बरोबर बसते.

आता झोपेची बाजू, म्हणजे तुमचं शनिवारचं कोडं. गाढ झोपेत ती कडी सहसा सैल पडत नाही. झोप चाळवली, अर्धवट जाग आली की पडते. झोप जितकी तुटक, तितकी आम्लाला संधी जास्त. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००७ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आम्ल वर येण्याचा हा आजार असलेल्या लोकांच्या अन्ननलिकेत थेंबथेंब आम्ल सोडून जळजळ कधी सुरू होते ते मोजलं. एकदा पुरेशी झोप झाल्यावर, एकदा रात्री तीन तासांहून जास्त झोपू न देता. झोप बुडाल्यावर त्याच लोकांना तेवढ्याच आम्लाने लवकर आणि जास्त जळजळ झाली. निरोगी लोकांत तसं दिसलं नाही. म्हणजे महिनाअखेरीला पोळीभाजीने जळतं तेव्हा तुमच्या पोटात आम्ल जास्त झालेलं असेलच असं नाही. आहे तेच जास्त बोचतं.

गिरणगाव
डॉक्टर, म्हणजे कोंबडी आधी की अंडं, याचं उत्तर "ऑम्लेट" असं आहे तर.

साधा_एमबीबीएस
जवळपास तसंच. नॉर्वेतल्या एका जिल्ह्यात हजारो लोकांना साधारण दहा वर्षांच्या अंतराने तेच प्रश्न विचारले होते. झोपेची तक्रार कायम असलेल्यांना पुढे आम्लाचा त्रास सुरू होण्याचा धोका जास्त निघाला, आणि आम्लाचा त्रास कायम असलेल्यांना झोपेचा. गाडी दोन्ही दिशांनी धावते.

अण्णा_खेतवाडी
आमच्या वेळी चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण झोपायचो. कोणाचा पाय कोणाच्या तोंडात. गिरणीची दुसरी पाळी सुटली की वडील रात्री बाराला येऊन गरमगरम भात जेवायचे आणि लगेच झोपायचे. कसलं पित्त नि कसलं काय. ही सगळी एसी ऑफिसांची दुखणी.

खमंग_काकडी
अण्णा, रागावू नका, पण त्या वेळी घरोघरी खायच्या सोड्याची पुडी असायचीच ना? आमचे आजोबा सकाळी नळावर घशात बोटं घालून पित्त काढायचे, अख्ख्या मजल्याला जाग यायची. त्याला तेव्हा कोणी आजार म्हणत नव्हतं एवढंच.

अण्णा_खेतवाडी
हाहा, ते मात्र खरं. आमच्याकडे ते काम मधल्या काकांकडे होतं.

साधा_एमबीबीएस
कृपया कोणी ते करू नका. वारंवार उलटी काढल्याने दातांचं वरचं कवच झिजतं, अन्ननलिका सोलवटते. आणि सोडा असो वा ईनो, त्यात सोडियम भरपूर. रक्तदाबवाल्यांनी रोजची सवय लावू नये.

वैद्य_माहीम
आजीच्या वाक्यात थोडी भर. चरकसंहितेत रात्रीचं जागरण रूक्ष सांगितलं आहे, म्हणजे थेट वाढतो तो वात. पित्त बिघडतं ते जागरणाबरोबर येणाऱ्या गोष्टींनी: अवेळी जेवण, चहा, तिखट, चिडचिड. दिवसाची झोप स्निग्ध म्हटली आहे. आणि गंमत अशी, की बसल्या बसल्या काढलेली डुलकी यातल्या कुठल्याच दोषाची नाही, असंही तिथेच म्हटलंय.

डोंबिवली_दोन_नंबर
म्हणजे दादर ते डोंबिवली खिडकीला डोकं टेकून मी जे करतो ते शास्त्रसंमत आहे! बायकोला हा प्रतिसाद दाखवतो. (बसायला मिळालं तर.)

वैद्य_माहीम
दुपारी जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडं पडायचं ही वामकुक्षीची जुनी चाल सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रीही डावी कूस बरी. बाकी सूतशेखर, कामदुधा वगैरे कोणी ऐकीव माहितीवर आणून खाऊ नका. प्रकृती बघून वैद्याने दिलं तरच.

साधा_एमबीबीएस
डाव्या कुशीबाबत वैद्यांशी पूर्ण सहमत. जठराची पिशवी डावीकडे असते, त्यामुळे डावीकडे वळल्यावर आम्लाचं तळं खाली आणि ती कडी वर राहते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये झोपलेल्यांची कूस आणि अन्ननलिकेतलं आम्ल एकाच वेळी नोंदवून पाहिलं होतं, २०२२ मध्ये ते छापून आलं. आम्ल वर येण्याच्या खेपांत फारसा फरक नव्हता, पण डाव्या कुशीवर ते लवकर खाली जात होतं.

चिकू_मिल्कशेक
मी रात्री थंड दूध पिते, लगेच बरं वाटतं. तेच करा की.

खमंग_काकडी
लगेच बरं वाटतं आणि दोन तासांनी?

चिकू_मिल्कशेक
दोन तासांनी मी झोपलेली असते :)

साधा_एमबीबीएस
दुधाने तेवढ्यापुरतं शमतं, मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. कोणाला चालतं, कोणाला नाही. झोपताना पेलाभर दूध म्हणजे भरल्या पोटी झोपणंच की.

पाचवा_मजला_पागडी
सगळे पोटाबद्दलच बोलतायत. माझ्या खिडकीसमोर रात्रभर पायलिंग चालतं, गणपतीत मंडळाचे ढोल, बाकी वर्षभर फ्लायओव्हरवरचे हॉर्न. साहजिकच झोपेची अर्धी गोळी सुरू केली. झोपही लागते. धागाकर्त्याने हे का करू नये?

साधा_एमबीबीएस
बरं झालं विचारलंत. आम्ल वर आल्यावर जाग येणं हा शरीराचा बचाव आहे. जाग आली की आपण गिळतो, उठून बसतो. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीवर प्रयोग झालेत. गोळी घेतलेल्यांना आम्ल वर आल्यावर जाग कमी वेळा आली, आणि आम्ल अन्ननलिकेत जास्त वेळ राहिलं. म्हणजे तुम्ही झोपलात, पण आतली भाजणी चालूच. "झोपण्यापुरता एक पेग"वाल्यांनाही तेच. दारूने ती कडी सैल पडते आणि उत्तररात्रीची झोप तुटते. तुमच्या खिडकीला कानातले बोळे आणि जाड पडदे हे आधी करून बघा. आणि गोळी दिली त्या डॉक्टरांना जळजळीबद्दल सांगितलंय का?

पाचवा_मजला_पागडी
त्यांना काय सांगणार? गोळी मेव्हण्याच्या पाकिटातली आहे.

साधा_एमबीबीएस
(कपाळावर हात)

रात्रपाळी_सिस्टर
महापालिकेच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून इथे लिहायचा हक्क सगळ्यात जास्त माझा. आमच्यात हा त्रास नाही अशी बाई शोधून दाखवा. रात्री दोनला कँटीनचा वडा आणि चहा, पहाटे पुन्हा चहा, सकाळी घरी जाऊन पोहे हाणायचे आणि पडदे ओढून आडवं व्हायचं. म्हणजे सगळ्यांचं रात्री होतं ते आमचं सकाळी नऊला.

मी काय बदललं ते सांगते. मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी, साडेसातला. मध्यरात्री फक्त घरचं काहीतरी हलकं, इडली नाहीतर मूगडाळीची खिचडी. तीननंतर चहा बंद. ड्युटी संपायच्या थोडं आधी, सहाच्या सुमाराला, केळं किंवा दोन खाकरे, म्हणजे घरी पोचल्यावर भूक खवळत नाही. घरी गेले की अंघोळ आणि थेट झोप, पोहे उठल्यावर. नवऱ्याने पोहे झाकून ठेवायला शिकून घेतलंय. गाऊनखालच्या परकराची नाडीसुद्धा सैल बांधते. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण पोट आवळलं की वर ढकललं जातंच.

आणि एक, जरा गंभीर. छातीत जळजळ म्हणजे पित्तच, असं धरून चालू नका. पित्त झालंय म्हणून ईनो पीत रात्रभर बसलेले पेशंट सकाळी आमच्याकडे हार्ट अटॅक घेऊन येतात. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, यांतलं काही असेल तर १०८ ला फोन करा, सरळ ईसीजी काढा. नुसतं पित्त निघालं तर कोणी हसत नाही. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर लक्षणं आणखी फसवी.

गिरणगाव
सिस्टर, साष्टांग. खूण साठवली.

स्लो_बदलापूर
ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट झाली आहे, दोन्ही नॉर्मल. धन्यवाद सिस्टर. डॉक्टर, अंथरुणाची डोक्याकडची बाजू उंच करायची असते ना? दोन उशा घेतो, फरक शून्य.

साधा_एमबीबीएस
उशांनी मान वाकते, कंबरेत घडी पडते आणि पोटावर उलट दाब वाढतो. उतार कंबरेपासून हवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंच, लाकडी ठोकळे किंवा विटा.

विरार_फास्ट
कुठल्या पायांखाली? वन बीएचकेत पायवाला पलंग आहे कोणाकडे? आमचा हायड्रॉलिक बेड आहे, जमिनीला चिकटलेली पेटीच ती. तिच्या पोटात गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या, फराळाचे डबे, लग्नात आलेले न उघडलेले डिनर सेट. आठ इंच उचलायची म्हणजे आधी बिल्डिंगच्या वॉचमनला बोलवा.

डोंबिवली_दोन_नंबर
आणि आमच्यासारखे खाली गादी घालणारे? फरशी उंच करू का?

चिकू_मिल्कशेक
लोळून हसतेय. मखर बाहेर काढून त्याच्यावरच झोपा.

खमंग_काकडी
उपाय आहे. गादीवाल्याकडे जा आणि कडक फोमचा उतरता तुकडा कापून घ्या. डोक्याकडे सात-आठ इंच, कंबरेकडे शून्य. माझ्या नवऱ्यासाठी केला, ऑनलाइनच्या निम्म्या पैशांत झाला. गादीवाला मऊ फोम गळ्यात मारायला बघतो, घेऊ नका. आठवड्यात तो चपातीसारखा बसतो. खाली गादी घालणाऱ्यांनाही चालतो.

साधा_एमबीबीएस
उत्तम. आता गोळीबद्दल, कारण धाग्यात विचारलंय. पँटोप्राझोल रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास ते तासभर घ्यायची. जेवण सुरू झालं की आम्लाचे पंप कामाला लागतात, आणि गोळी चालू पंपांनाच बंद करते. रात्री जेवून बीपीच्या गोळीबरोबर गिळली तर तिचा जोर निम्मा वाया. बीपीवरून आठवलं, अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीच्या गोळ्यांनी काहींची ती कडी सैल पडते. स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. पित्ताची गोळीही एकदम सोडू नका. दाबून ठेवलेलं आम्ल काही आठवडे उसळून येतं आणि माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय जमतच नाही." हळूहळू कमी करायची. आणि घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी यांतलं काही असेल तर धागे वाचत बसू नका, दुर्बिणीने तपासून घ्या.

शेवटचा प्रश्न. रात्री घोरता का? पोट सुटलेलं असून घोरणं असेल आणि मध्येच श्वास अडखळत असेल, तर त्या अडखळण्याने झोप तुटते आणि आम्लाचंही फावतं.

स्लो_बदलापूर
माझ्या माहितीप्रमाणे नाही.

बदलापूरची_मिसेस
याच प्रतिसादासाठी आत्ता आयडी काढला. घोरतात. मध्येच थांबतात आणि मग इंजिन सुरू झाल्यासारखा आवाज येतो. गॅलरीत उभे राहतात म्हणे! गॅलरीत उभं राहून फरसाण खातात.

गिरणगाव
धागा सार्थकी लागला.

अण्णा_खेतवाडी
सूनबाई, स्वागत आहे.

स्लो_बदलापूर
(महिन्याने)
फरसाणाचा डबा जप्त झाला आहे, त्यावर चर्चा नको.

विचारलं होतं सुरुवात कुठून करायची. मी दोन्हीकडून एकदम केली. सातचा डबा ऑफिसात सुरू आहे, मायक्रोवेव्हच्या रांगेत आता आणखी दोघं माझ्यामागे उभे असतात. गादीवाल्याकडून फोम आणला, डावी कूस. गोळी जेवणाआधी, आणि आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक दिवसाआड. मध्यरात्रीची जाग पूर्ण गेलेली नाही, पण ठसका लागून उठलेलो नाही. महिनाअखेरीला कामामुळे जागरणं झालीच, तेव्हा दिवसाची जळजळ झालीच. झोपेची तपासणी करून घेतली. रात्रभर छातीला, बोटाला वायरी लावून झोपायचं. श्वास अडखळतो असं निघालंय, बऱ्यापैकी. मशीन लावून बघा म्हणतायत, पुढच्या आठवड्यात ट्रायल.

साधा_एमबीबीएस
ट्रायल नक्की घ्या. त्या मशीनच्या हवेच्या दाबाने रात्री आम्ल वर येणंही कमी होतं, बऱ्याच लोकांत. पहिल्या काही रात्री नाकावर मुखवटा नकोसा होतो, लगेच परत करू नका.

विरार_फास्ट
फोमचं माप द्या ना. लांबी किती घेतलीत?

स्लो_बदलापूर
डोक्यापासून कंबरेपर्यंत, साधारण अडीच फूट, रुंदी एका माणसापुरती. वर सुती खोळ शिवून घ्या. आमच्याकडे आधी सॅटिनची चादर होती, सकाळी मी पायथ्याशी सापडायचो.

बदलापूरची_मिसेस
आणि रुंदी दोघांची घेऊ नका. मला पित्त नाही, मी कशाला उतारावर झोपू?